पाण्याचे दगड

"पण पाणी कुठून आणायचे हे लोक?"

किल्ल्यात शिरून आम्हाला पाच मिनिटंही झाली नव्हती. समोर लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना दगडी कमानी, आणि प्रत्येक कमानीखाली एकेक तोफ. दुसऱ्या महायुद्धात इटालियन आणि जर्मन फौजांकडून हिसकावलेल्या त्या तोफा मी एकेक करून बघत होतो. बायको मान वर करून छताकडे पाहत होती. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढून ती नुकतीच निवृत्त झाली आहे. कुठल्याही गडावर गेलो की मी आधी दरवाजा आणि बुरूज शोधतो, ही टाकं शोधते. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर मी तोरणा कुठे, सिंहगड कुठे ते दाखवत होतो, तेव्हाही ही चंद्रतळ्याच्या काठावर बसून पाण्याला हात लावत होती.

"टाकी असतील. पावसाचं पाणी साठवत असतील," मी म्हणालो.

"साठवण वेगळी, आवक वेगळी," ती म्हणाली. या एका वाक्यानं आमचे पुढचे दोन दिवस खाल्ले.

हा किल्ला दक्षिण अल्बेनियातल्या जिरोकास्तरचा. नावातला पहिला उच्चार ‘ग्य’ आणि ‘ज्य’ यांच्या मधला कुठला तरी आहे, तो मला शेवटपर्यंत जमला नाही, म्हणून ‘जि’वर भागवतो. समुद्रकाठच्या सारांदाहून छोट्या बसनं दीड तासात द्रिनो नदीच्या खोऱ्यात येतो. डावीकडे डोंगराची सरळसोट रांग, तिच्या उतारावर राखाडी दगडांचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर हा लांबोडका किल्ला. खालून तो जहाजासारखा दिसतो असं सगळेच म्हणतात. मला तो धरणाच्या भिंतीसारखा वाटला, पण तो संगतीचा परिणाम असेल.

गावात चढायचं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. रस्ते काळ्या, पांढऱ्या आणि गुलाबीसर दगडांच्या फरसबंदीचे, शतकानुशतकं पायांनी गुळगुळीत झालेले, त्यात पाऊस पडून गेलेला. घरांची छपरंसुद्धा दगडाची, चुनखडीच्या चपट्या लाद्या एकावर एक रचलेल्या. ऊन पडलं की अख्खा उतार रुपेरी दिसतो. ग्रीक लोक या गावाला ‘आर्गिरोकास्त्रो’ म्हणतात, म्हणजे चांदीचा किल्ला.

गावातले लोक मात्र नावाची गोष्ट वेगळी सांगतात. आर्जिरो नावाची राजकन्या होती. तुर्क किल्ल्यात शिरले तेव्हा त्यांच्या हाती लागू नये म्हणून तिनं तान्ह्या मुलाला उराशी धरून तटावरून उडी टाकली. ती गेली, मूल वाचलं, आणि कड्याच्या दगडातून दूध पाझरू लागलं, त्यावर ते जगलं. ऐकताना मला लगेच आपली हिरकणी आठवली. तीही आई, तिचंही तान्हं मूल, तोच कडा, आणि गोष्टीत दूध आहेच. एक बाळासाठी कडा उतरते, दुसरी बाळाला घेऊन उडी टाकते. गंमत अशी की आर्गिरोकास्त्रो हे नाव १३३६ सालच्या घटनांच्या हकिकतीत आधीच येऊन गेलंय, आणि तुर्क इथे पोचले पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे बाईच्या आधी नाव. गाईडला हे सांगावंसं वाटलं, पण तो इतक्या मनापासून सांगत होता की गप्प बसलो. हिरकणी बुरुजावर कुणी माझ्याशी तारखांचा वाद घातला तर मला तरी कुठे आवडेल?

प्रवेशद्वारावरच्या पाटीवर ‘कलाया’ असं लिहिलंय. ‘कला’ म्हणजे किल्ला. दोन्हींचं मूळ एकाच अरबी शब्दात, त्यांच्याकडे तो तुर्कीतून गेला, आपल्याकडे फारसीतून आला. पुढे मला छंदच लागला. तोफेला ‘तोप’, दारूला ‘बारूत’, धान्याच्या कोठाराला ‘हंबार’ (आपला अंबारखाना), बाजाराला ‘पझार’, दुकानाला ‘द्युचान’. ज्या भाषेतलं एक वाक्य कळत नाही तिच्यात निम्मा किल्ला ओळखीचा निघतो.

मी मूळचा नगरचा, त्यामुळे तोप शब्दापाशी जरा जास्तच रेंगाळलो. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली ओतली गेली ती नगरला. ओतणाऱ्याचं नाव महंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे रूमचा, तुर्कांच्या मुलखातला. तोफा ओतायचं कसब घेऊन माणसं तिकडून दख्खनेत येत होती, तेव्हा जिरोकास्तर त्याच उस्मानी सत्तेखाली येऊन सव्वाशे वर्षं उलटली होती.

या किल्ल्याचा उस्मानी काळ म्हटला तर मोठा, म्हटला तर थोडक्यात सांगण्यासारखा. तुर्कांनी झेनेबिशी या अल्बेनियन सरदार घराण्याकडून गाव घेतलं, त्याला अल्बेनियाच्या सुभ्याचं ठाणं केलं, १४३१-३२ मध्ये सगळ्या मुलखाची शेत आणि घरवार नोंद केली. महसुलाची वही उघडली की बंड होतं, हा नियम तिथेही लागू पडला. झेनेबिशींचा वारस देपे परत आला, किल्ल्याला वेढा घातला, पण किल्ला हलला नाही. त्यानंतर शतकंच्या शतकं तो डोंगरावर नुसता बसून होता. मी वेढ्यांच्या आणि लढायांच्या गोष्टी शोधत होतो, आणि किल्ला मला सारखा कारभाराच्या गोष्टी सांगत होता.

आज दिसतो त्यातला बराचसा किल्ला मात्र उभा केला एका माणसानं, आणि तो सुलतानाचा नोकर असून सुलतानासारखा वागणारा होता. अली पाशा, शेजारच्या तेपेलेनाचा. बाप गेल्यावर आईनं वाढवलेला, तरुणपणी वाटमारी केलेला, आणि पुढे यानिनाच्या गादीवर बसून आजचा दक्षिण अल्बेनिया आणि उत्तर ग्रीस मुठीत ठेवणारा. १८०९ मध्ये कवी बायरन त्याला तेपेलेनात भेटून गेला, तेव्हा या म्हाताऱ्यानं त्याचे लहान कान आणि गोरे हात बघून खानदान ओळखल्याचं सांगितलं होतं. त्याच हातानं तीन वर्षांनी जवळच्या कार्धिक गावातले पुरुष गोळा करून मारले. कारण? अनेक वर्षांपूर्वी त्या गावानं त्याच्या आईची आणि बहिणीची विटंबना केली होती. त्याच सुमारास जिरोकास्तरही त्याच्या हाती आलं, आणि १८१२ पासून किल्ल्याचं काम निघालं.

किल्ला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलं की काम कळतं. जुना भाग डोंगराच्या अंगानं वळणारा, अरुंद. पश्चिमेकडे अलीनं भर घातली ती वेगळ्याच वजनाची. इथे उंचीचा दिमाख नाही, जाडीचा भरवसा आहे. खाली मोठमोठी कमानदार दालनं, आणि त्यांच्या पाठीवर सपाट गच्ची, इतकी रुंद की वर गवत उगवलंय आणि माणसं फुटबॉल खेळू शकतील. जमीन नव्हती म्हणून कमानींवर जमीन केली. एका कमानीच्या पोटात मी हात फिरवून बघितला. बारीक, आडवे, पातळ घडवलेले दगड आणि मध्ये चुन्याची रेघ, काही ठिकाणी चुना विरघळून खाली पांढरा ओघळ आलेला. आर्जिरोचं दूध ते हेच असावं, असा माझा एक अंदाज.

पूर्वेच्या टोकाला घड्याळाचा मनोरा आहे, तोही अलीच्या काळातला. ‘कुला ए सहातित.’ खालच्या बाजारात दुकान केव्हा उघडायचं आणि केव्हा लावायचं, हे वरून ऐकू यावं म्हणून. मला तो सुंदर वाटला, आणि जरा नकोसाही. लोकांची वेळसुद्धा वरून वाजते.

तिथून खाली वाकून बघितलं तेव्हा जे डोक्यात घोळत होतं ते जागेवर बसलं. सह्याद्रीतल्या गडावर उभं राहिलं की नजर लांब जाते, घाटवाटा, नदी, पलीकडचा गड. इथे एका अंगाला द्रिनोचं खोरं आहेच, पण दुसऱ्या अंगाला नजर सरळ लोकांच्या अंगणात पडते. कुणाचं धुणं वाळतंय, कुणाच्या गच्चीत द्राक्षाचा मांडव आहे, बाजाराच्या तिठ्यावर कोण कुणाशी बोलतंय, सगळं दिसतं. आणि तोफेचा झरोका जितका खोऱ्याकडे उघडतो तितकाच गावाकडेही.

गावातले लोकही काही भोळे नव्हते. त्यांनी घरंच किल्ल्यासारखी बांधली. ‘कुला’ म्हणतात त्यांना, बुरूजघर. १८१२ च्या सुमारास बांधलेला झेकाते वाडा आम्ही पाहिला, दोन बुरुजांचा, गावाच्या वरच्या अंगाला. खालचे मजले जवळजवळ आंधळे, खिडक्या आणि लाकडी सज्जे वरती, पाहुण्यांच्या दालनात रंगीत छत आणि नक्षीची शेकोटी. घराघरांत वैर पिढ्यानपिढ्या चालायचं, त्यामुळे दाराशी सावध आणि माडीवर अघळपघळ, अशी रचना. बायकोला मात्र तळमजल्यावरचं दगडी टाकं सापडलं. छपरावरचं पावसाचं पाणी थेट घराच्या पोटात. ती त्या अंधारात दहा मिनिटं उभी. "बघ," म्हणाली, "गावानं आपलं पाणी आपल्यापाशी ठेवलंय. मग वर गडावर एवढी शिबंदी, घोडे, त्यांना काय पुरणार नुसतं पावसाचं?"

उत्तर त्या रात्री आमच्या मुक्कामाच्या घरी मिळालं. घरमालकीण सत्तरीच्या, इंग्रजी मोडकं, मुलगा ग्रीसमध्ये. (इथे बहुतेकांचा कुणी ना कुणी ग्रीसमध्ये असतोच.) त्या जेवायला किफ्ची करत होत्या. भात, अंडं, पुदिना, मिरपूड कालवून त्याचे गोळे, आणि तव्याला अर्धगोल खळगे. आम्ही दोघं एकदम ओरडलो, "आप्पेपात्र!" मग बायकोनं सुईनं आप्पा उलटवतात तसा एक उलटून दाखवला, आजीबाई खूश झाल्या, आणि गप्पा सुरू झाल्या. पाण्याचं विचारल्यावर त्यांनी खिडकीतून डोंगराकडे हात केला. "अली पाशा. सोपोत." आणि बोटांनी हवेत कमानी काढल्या, एक, दोन, तीन, चार. मग हाताच्या पंज्यानं त्या पुसून टाकल्या आणि म्हणाल्या, "झोग. बुर्ग." बुर्ग म्हणजे तुरुंग.

त्याचा अर्थ असा. अली पाशानं सोपोत डोंगराच्या झऱ्यांवरून दहा किलोमीटरहून जास्त लांबीचा नळ किल्ल्यापर्यंत आणला होता. दऱ्या आल्या तिथे कमानी घालून. इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर १८४८ मध्ये इथे आला तेव्हा या कमानींची ओळ त्यानं चितारून ठेवली. हाच लिअर पुढे १८७३ मध्ये मुंबईला उतरला, पुण्यातही राहून गेला. त्याच्याबरोबर ज्योर्जिओ नावाचा जुना नोकर होता, सुली घराण्यातला. सुली म्हणजे ज्यांना अली पाशानं डोंगरातून हुसकावून लावलं ते लोक. अलीच्या वैऱ्यांचा वंशज मुंबईच्या बंदरावर सामान मोजत उभा आहे, हे चित्र माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

आणि मग १९३२. अल्बेनिया स्वतंत्र होऊन वीस वर्षं झालेली, अहमद झोगू आधी अध्यक्ष आणि १९२८ पासून स्वतःच राजा झोग. किल्ल्यातला तुरुंग अपुरा पडायला लागला होता. तो वाढवायचा तर दगड हवा. डोंगरात दगडाला तोटा नाही, पण घडवलेला, मापात बसणारा, आयता दगड जवळ कुठे? नळाच्या कमानीत. कमानी उतरवल्या, दगड वर नेले, कोठड्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा किल्ल्यावर गेलो, फक्त तो तुरुंग बघायला. अरुंद बोळ, दोन्हीकडे कोठड्या, लोखंडी दारं, भिंतीत उंचावर टीचभर खिडकी. बाहेर ऊन होतं आणि आत अंगाला ओल लागत होती. झोगच्या कैद्यांनंतर इथे इटालियनांचे कैदी आले, मग जर्मनांचे, मग १९४४ नंतर कम्युनिस्टांचे. मालक बदलत गेले, कुलपाचं काम चालूच. १९४४ पासून १९८५ पर्यंत देशावर राज्य केलेला एन्व्हर होक्झा याच गावचा, त्याचं घर या तटावरून दिसेल इतकं जवळ. त्याच्याच गल्लीबोळांत कादंबरीकार इस्माइल कादरे वाढला, आणि मुसिने कोकालारीचं घरही इथलंच. अल्बेनियन भाषेत पुस्तक छापून आलेली पहिली बाई तिलाच मानतात. होक्झाच्या राजवटीनं तिला सोळा वर्षं तुरुंगात घातलं. इथे नव्हे, उत्तरेकडे बुरेलला. एवढ्याशा गावात राज्यकर्ता, लेखक आणि कैदी तिघंही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर वाढले.

बायको भिंतीचे दगड बघत होती. एका दगडाच्या कडेला हात ठेवून म्हणाली, "हा बघ. समोरून रुंद, मागे निमुळता. पाचरीसारखा. सरळ भिंतीला असा दगड कोण घडवेल?"

तो खरंच कमानीतला होता की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण तिनं दाखवल्यानंतर मला भिंतीत दुसरं काही दिसेना.

तिथे उभं असताना मला नगरचा भुईकोट आठवला. शाळेत असताना आम्हाला आत नेलं होतं, नेहरूंची खोली दाखवायला. १९४२ ते १९४५ या काळात ते आणि काँग्रेसचे बाकीचे नेते तिथे कैदेत होते. त्याही आधी, १७९८ मध्ये, नाना फडणीस याच किल्ल्यात अडकून पडले होते. आम्ही रांगेनं खोली बघितली, ‘जय हिंद’ म्हटलं, शेंगदाण्याच्या पुड्या खाल्ल्या आणि परत आलो. आपल्या किल्ल्यांची गोष्ट आपण शौर्यापासून सुरू करतो आणि शौर्यापाशीच संपवतो. कैदी आला तर तोही थोर असावा लागतो. बिनचेहऱ्याचे, फितुरीच्या संशयावरून, सारा थकला म्हणून, कुणाच्या तरी वैरामुळे डांबलेले लोक गडावर कुठे होते, हे मी चाळीस वर्षं गड हिंडून कधी विचारलं नव्हतं. आणि नगरला कापूरवाडीहून खापरी नळानं पाणी आणलं होतं निजामशाहीनं, तेही लग्नानंतर हिनंच मला सांगितलं.

वरच्या गच्चीवर एक अमेरिकन विमान गंजत पडलंय. डिसेंबर १९५७ मध्ये ते तिरानाजवळ उतरलं. सरकारनं सांगितलं हेरगिरीचं विमान आम्ही उतरायला भाग पाडलं. अमेरिकनांनी सांगितलं वैमानिक खराब हवेत वाट चुकला. वैमानिकाला सोडून दिलं, विमान ठेवून घेतलं आणि पुढे इथे आणून मांडलं. पोरं पंखाला हात लावून फोटो काढत होती. बायको म्हणाली, "शेवटचा कैदी हाच." पलीकडे लोकसंगीताच्या महोत्सवाचा रंगमंच. तो महोत्सव १९६८ मध्ये सुरू झाला, साठच्या दशकाच्या शेवटी, तुरुंग बंद झाला त्याच काळात. दक्षिणेकडचे लोक दोन ते चार आवाजांत गातात. एक दोघं चाल धरतात आणि बाकीचे खालून एकच सूर लांबवत राहतात, आपल्या तंबोऱ्यासारखा, फक्त माणसांच्या गळ्यातून. त्या दिवशी रंगमंचावर दोन मांजरं होती.

संध्याकाळी आजीबाईंनी सांगितलेल्या वाटेनं दुनावात मोहल्ल्याच्या मागे चढून गेलो. गाव संपलं, डाळिंबाची झाडं लागली, मग ओढ्याची अरुंद घळ, आणि घळीवर एकच दगडी कमानीचा बांध. त्याला आता अली पाशाचा पूल म्हणतात. नळातलं उरलेलं एवढंच. बहुधा दूर पडलं म्हणून, किंवा ओझं वाहायला अवघड म्हणून, तुरुंगवाल्यांनी सोडून दिलं असावं. वर कठडा नाही. मी कडेला बसून राहिलो, गुडघ्याचं निमित्त करून. ही मात्र पावलं मोजत पलीकडे गेली, परत आली, मध्येच थांबली आणि बाटलीचं झाकण उघडलं.

"काय करतेस?"

"ढाळ बघते."

बाटलीतलं निम्मं पाणी तिनं पुलाच्या माथ्यावर हळू ओतलं. दगडांच्या फटीतून वाट काढत ते क्षणभर अडलं, मग एका बाजूला निघालं, वीतभर, दोन वीत, आणि मातीत जिरलं. तिनं मान वर करून त्या दिशेला बघितलं. तिकडे, गावाच्या छपरांपलीकडे, घड्याळाचा मनोरा दिसत होता.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि झाकण लावून टाकलं.